समासातली कारणं

सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी कुठल्याही अभ्यासिकेत डोकावलं, तर पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा अशा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली प्रश्नसंचात मान घालून बसलेली दिसतात. बुद्धिमत्ता चाचणीचा सराव चालू असेल तर त्यांच्या वहीचा समास जरूर पाहावा. कोणाच्या समासात नुसते आकडे असतात. खोडलेले, गिरवलेले, एकावर एक. कोणाच्या समासात आकड्याशेजारी तीन-चार शब्द असतात: ‘३ नाही, हातचा जुळत नाही’, ‘ही गाडी सहाची नाही, फलाट वेगळा’. सोप्या कोड्यात दोघांचीही उत्तरं बरोबर येतात. कोडं जरा लांबलं की पहिल्याला कुठे चुकलं ते सापडत नाही आणि सगळं खोडून पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. दुसरा चार ओळी वर जातो, जे कारण टिकलं नाही ते शोधतो आणि तिथूनच पुढे निघतो.

अंकांची आणि तर्काची कोडी ज्यांना मनापासून आवडतात, त्यांना मी एकच सवय सुचवेन. कारण एका वाक्यात सांगता येत असेल तरच अंक घरात लिहावा, आणि ते वाक्य समासात टिपून ठेवावं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सोडवणारा उत्तर शोधतोय. खरं तर त्याचा बहुतेक वेळ अशक्य गोष्टी एकेक करून बाजूला काढण्यात जातो. उरतं ते उत्तर. त्यामुळे काय बाजूला काढलं याइतकंच ते का काढलं हेही महत्त्वाचं.

एक कोडं अगदी जवळून पाहू. अक्षरांच्या जागी अंक शोधायचे. मराठीत अशी कोडी रचताना काना-मात्रा-वेलांटी नसलेले शब्द घेतले, की एक अक्षर म्हणजे एक अंक हा नियम सरळ राहतो.

सरबत × ४ = तबरस

वेगळ्या अक्षराला वेगळा अंक, आणि कुठल्याही संख्येची सुरुवात शून्याने नाही. सरसकट सगळे अंक लावून पाहायचे म्हटलं तर पहिल्या जागेला ९, दुसऱ्या जागेला ९, मग ८, मग ७, अशा ४५३६ शक्यता होतात. तर्काने गेलं तर पाच पायऱ्यांत काम भागतं.

पहिली पायरी ‘स’ची. चार अंकी संख्येची चौपट करूनही उत्तर चारच अंकी आलंय, म्हणजे मूळ संख्या २५०० पेक्षा लहान. ‘स’ १ किंवा २. आता उजवं टोक बघा: उत्तराचा शेवटचा अंकही ‘स’च आहे, आणि ४ ची कुठलीही पट सम असते. म्हणून स = २.

दुसरी पायरी ‘त’ची. दोन हजारांची चौपट आठ हजार, म्हणजे ‘त’ ८ किंवा ९. एककाच्या घरात ४ × त चा शेवटचा अंक २ यायला हवा. ४ × ९ = ३६, जमत नाही. ४ × ८ = ३२, जमतं. त = ८, हातचे ३.

इथे जरा थांबायला हवं. ‘दोन चोक आठ, म्हणून त = ८’ असं लिहून पुष्कळ जण पुढे जातात. अंक बरोबर आहे, कारण चुकीचं आहे. शतकाच्या घरातून हातचा आला असता तर तिथे ९ झाला असता. २३०० ची चौपट ९२०० होते. ९ का नाही, हे एककाच्या घराने सांगितलं, हजाराच्या घराने नाही. उत्तर तेच आलं तरी ही पायरी चुकीची धरावी, कारण हाच माणूस पुढच्या कोड्यात याच जागी घसरणार आणि आपण कुठे घसरलो हे त्याला कळणार नाही.

तिसरी पायरी. त = ८ ठरला आणि ४ × २ = ८ झाले, म्हणजे शतकाच्या घरातून हातचा आलेलाच नाही. तेव्हा ४ × र आणि दशकातून येणारा हातचा यांची बेरीज दहाच्या आत. ‘र’ ०, १ किंवा २. यातला २ ‘स’ला गेला. चौथी पायरी दशकाच्या घरात. ४ × ब मध्ये हातचे ३ मिळवले की शेवटी ‘र’ येतो. सम संख्येत ३ मिळवले तर विषम होणार, म्हणून र = १. पाचवी: ४ × ब च्या शेवटी ८ हवा, म्हणजे ‘ब’ २ किंवा ७; २ गेलेला आहे, म्हणून ब = ७. ताळा पाहू: २१७८ × ४ = ८७१२.

अशा कोड्यात दोन्ही टोकांकडून आत यायचं असतं. डावं टोक मोठेपणाची मर्यादा सांगतं, उजवं टोक शेवटच्या अंकाचं बंधन घालतं, आणि मधली घरं हातच्यांनी बांधली जातात. मधल्या घरापासून सुरुवात केली तर दोन्ही बाजूंचे हातचे अज्ञात राहतात आणि शक्यता फुगतात.

तारखेवरून वार काढण्याची गणितं याच जातीची, फक्त आडवाटा नसलेली. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. त्या दिवशी वार कोणता होता? सात-सातचे आठवडे काढून टाकल्यावर उरणारे जादा दिवस मोजायचे. १६०० वर्षांचे जादा दिवस शून्य. पुढच्या ३०० वर्षांचा, म्हणजे १९०० संपेपर्यंतचा, १. मग १९०१ ते १९३० ही तीस वर्षं: प्रत्येकाचा एक असे ३०, आणि १९०४ पासून १९२८ पर्यंतच्या सात लीप वर्षांचे आणखी ७, एकूण ३७. जानेवारीचे १२. बेरीज १ + ३७ + १२ = ५०. पन्नासाला सातने भागून बाकी १. शून्याला रविवार धरला तर १ म्हणजे सोमवार. चुका ठरलेल्या दोन ठिकाणी होतात. एक, १९३१ हे चालू वर्ष आहे, पूर्ण झालेली वर्षं १९३० पर्यंतचीच धरायची. दुसरी, १९०० ला ४ ने भाग जातो म्हणून ते लीप वर्ष समजलं जातं. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जायला हवा. या दोनपैकी एक चूक झाली तरी वार पुढे सरकतो, आणि उत्तर दिसायला तितकंच पटण्याजोगं असतं.

परीक्षेत ज्याला सगळ्यांत जास्त मुलं घाबरतात ते मात्र माहितीच्या जुळणीचं कोडं. एक रचून पाहू. वेळा आणि फलाट मनाचे आहेत, एसटीच्या वेळापत्रकाशी त्यांचा संबंध नाही. सोलापूरहून पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट आणि मंगळवेढा अशा चार गाड्या सकाळी सहा, सात, आठ आणि नऊला सुटतात, चार वेगवेगळ्या फलाटांवरून. माहिती अशी: बार्शीची गाडी अक्कलकोटच्या गाडीनंतर बरोबर एका तासाने सुटते. पंढरपूरची गाडी मंगळवेढ्याच्या गाडीच्या आधी सुटते. सहाची गाडी फलाट ३ वरून सुटते. अक्कलकोटची गाडी फलाट २ वर लागते. फलाट ४ वरची गाडी फलाट १ वरच्या गाडीच्या दोन तास आधी सुटते.

कागदावर तीन तक्ते काढायचे: गाडी आणि वेळ, गाडी आणि फलाट, वेळ आणि फलाट. प्रत्येकात सोळा घरं, एकूण अठ्ठेचाळीस. तिसरा तक्ता बरेच जण काढतच नाहीत, आणि नेमके तिथेच अडतात. बरोबरची एक खूण केली की त्याच क्षणी त्या ओळीत तीन आणि त्या स्तंभात तीन अशा सहा फुल्या मारायच्या. ‘नंतर मारू’ म्हटलेली फुली कधीच मारली जात नाही.

आता गाडी कुठली ते न शोधता सहा वाजता कोण सुटू शकत नाही ते बघू. अक्कलकोट नाही, कारण ती फलाट २ वर आहे आणि सहाची गाडी फलाट ३ वर. बार्शी नाही, कारण ती अक्कलकोटनंतर सुटते. मंगळवेढा नाही, कारण तिच्याआधी पंढरपूर सुटते. उरली पंढरपूर: सहा वाजता, फलाट ३. एवढं ठरवायला पाचपैकी चार वाक्यं लागली, आणि एकही ‘समजा’ लागला नाही.

अक्कलकोट आणि बार्शी पाठोपाठच्या तासांना आहेत, म्हणून त्या सात-आठला तरी असतील किंवा आठ-नऊला. बार्शी आणि मंगळवेढा यांच्या वाट्याला फलाट १ आणि ४ उरलेत. त्या दोघींत दोन तासांचं अंतर हवं. सात-आठ धरलं तर बार्शी आठला, मंगळवेढा नऊला. अंतर एकच तास. म्हणून अक्कलकोट आठला, बार्शी नऊला, मंगळवेढा सातला. आधी सुटणारी फलाट ४ वर, म्हणजे मंगळवेढा. बार्शी फलाट १ वर.

इथे काय चुकतं? सर्वांत आधी वाचन. ‘आधी सुटते’ आणि ‘लगेच आधी सुटते’ यांत कोड्याचा जीव असतो. पंढरपूर मंगळवेढ्याच्या आधी आहे एवढंच सांगितलंय, मध्ये किती गाड्या आहेत ते नाही. घाईत तो ‘लगेच’ आपणच घालतो. या कोड्यात तो चुकून घातला तरी उत्तर तेच येतं, आणि म्हणूनच अशी सवय पकडली जात नाही. दुसरी चूक म्हणजे वापरलेलं वाक्य खोडून टाकणं. बार्शी-अक्कलकोटचं वाक्य आपण दोनदा वापरलं: एकदा बार्शीला सहातून काढायला, एकदा जोडी पाठोपाठ बसवायला. एका वाचनात वाक्यातलं सगळं निघत नाही. मी तर म्हणेन, कोडं सुटेपर्यंत एकही वाक्य खोडू नये. वापरलेल्या प्रत्येक वेळी शेजारी एक रेघ मारावी, म्हणजे कुठल्या वाक्याला अजून हातच लागलेला नाही ते दिसतं. अडलं की रेघ नसलेल्या वाक्याकडे आधी जावं.

सुडोकूला हीच शिस्त लागते, पण तिथे वाक्यं नसतात, नुसती घरं असतात: नऊ बाय नऊची जाळी, जिच्या प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि तीन बाय तीनच्या चौकटीत १ ते ९ एकेकदाच यायला हवेत. हे कोडं सध्याच्या रूपात १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका कोड्यांच्या मासिकात आलं. ते हॉवर्ड गार्न्स या वास्तुरचनाकाराने रचलं होतं असं मानलं जातं. १९८० च्या दशकात ते जपानमध्ये रुजलं आणि २००४ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने छापायला सुरुवात केल्यावर जगभर पसरलं. २०१२ मध्ये डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाने तपासून दाखवलं की १७ पेक्षा कमी अंक दिले असतील तर उत्तर एकच राहू शकत नाही. सुडोकूत ‘उत्तर एकच’ हे वचन फार मोलाचं असतं. ते नसेल तर तर्काने शेवटपर्यंत जाताच येत नाही.

नवा माणूस प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारतो: इथे कोणता अंक बसेल? दुसरा प्रश्न जास्त फळ देतो: या चौकटीत ७ कुठे बसेल? एखाद्या घरात चार अंक शक्य असतील, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. पण त्या चौकटीतल्या बाकी सगळ्या घरांत ७ निषिद्ध असेल, तर त्या घरात तोच येणार. म्हणून आधी १ ते ९ अंक एकेक घेऊन पूर्ण जाळीवरून फिरावं. घरात बारीक पेन्सिलीने शक्य अंक लिहायचं काम त्यानंतरचं. सुरुवातीलाच सगळ्या ८१ घरांत बारीक आकडे भरले की डोळा थकतो आणि त्यातले निम्मे पुढच्या दहा मिनिटांत पुसावेच लागतात.

बारीक आकड्यांचा उपयोग जोड्या पकडायला. एका ओळीत २, ५, ७, ८ हे चार अंक बसायचेत आणि चार घरं मोकळी आहेत असं धरा. पहिल्या घरात २ किंवा ७, दुसऱ्यात २ किंवा ७, तिसऱ्यात २, ५ किंवा ७, चौथ्यात ५ किंवा ८. पहिल्या दोन घरांत २ कुठे आणि ७ कुठे हे ठाऊक नाही, पण ते दोन्ही अंक त्या दोन घरांतच संपणार एवढं पक्कं. म्हणून तिसऱ्या घरातून २ आणि ७ जातात, तिथे ५ उरतो. ५ गेल्यावर चौथ्यात ८. अपुऱ्या माहितीवरून पूर्ण खात्रीचं काहीतरी हाती लागणं, हा या खेळातला मला सर्वांत आवडणारा क्षण.

सुडोकूतली चूक लगेच दिसत नाही. चुकीचा अंक लिहिला की पुढची वीस-पंचवीस घरं बिनबोभाट भरली जातात आणि मग एकाच ओळीत दोन ४ समोर येतात. तोवर मूळ चूक गाडली गेलेली असते. बहुतेकदा ती चुकीच्या तर्कातून आलेली नसते. अंक घरात लिहिल्यावर त्याच्या ओळीतले, स्तंभातले, चौकटीतले बारीक आकडे पुसायचे राहिलेले असतात. अंक लिहिला की तिन्ही दिशांना एकदा बोट फिरवावं, मगच पुढच्या घराकडे जावं.

आणि अंदाज? काही कट्टर सोडवणारे अंदाजाला पापच मानतात. मला ते पटत नाही. ‘समजा’ हा तर्काचाच भाग आहे, फक्त तो उघडपणे मांडायला हवा. दोनच शक्यता उरलेलं घर निवडायचं, ‘समजा इथे ३’ असं समासात लिहायचं आणि तिथून पुढचे सगळे अंक वेगळ्या शाईने लिहायचे. विसंगती आली तर वेगळ्या शाईचं सगळं रद्द आणि त्या घरात दुसरा अंक पक्का. कधीकधी याहून सुंदर प्रकार घडतो: दोन्ही गृहीतं स्वतंत्रपणे पुढे नेली तर दोन्हींत एखाद्या तिसऱ्याच घरात तोच अंक येतो. मग मूळ घराचा निकाल न लागताही ते तिसरं घर पक्कं होतं. वेगळी शाई न वापरता मनातल्या मनात केलेला ‘समजा’ मात्र दहा पायऱ्यांनी वस्तुस्थिती वाटायला लागतो.

सोलापूरच्या माणसाला चौकडीचा कागद नवा नाही. जॅकार्डच्या मागावर विणायच्या चादरीचं डिझाइन आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढलं जायचं, आणि त्यावरून भोकं पाडलेली कार्डं बनायची; भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो. १९८७ मध्ये जपानमध्ये नॉन इशिदा आणि तेत्सुया निशिओ यांनी एकमेकांच्या नकळत जी चित्रकोडी बनवली, त्यांत असाच चौकडीचा कागद असतो, फक्त काम उलटं: प्रत्येक ओळीच्या आणि स्तंभाच्या टोकाला सलग भरलेल्या चौकोनांचे आकडे दिलेले असतात आणि त्यावरून नक्षी शोधायची असते. दहा घरांच्या ओळीवर ‘४ ३’ लिहिलंय असं समजा. चार, मध्ये निदान एक रिकामं, मग तीन: किमान आठ घरं. दोन घरांची सैल जागा उरली. चाराचा पट्टा डावीकडे सरकवला तर १ ते ४, उजवीकडे सरकवला तर ३ ते ६. म्हणजे काहीही झालं तरी ३ आणि ४ ही घरं भरलेली. तिनाचा पट्टा ६ ते ८ किंवा ८ ते १०, म्हणजे ८ वं घर भरलेलं. नियम असा: पट्ट्याच्या लांबीतून सैल जागा वजा करा, तेवढी घरं आत्ताच पक्की, वजाबाकी शून्य किंवा उणे आली तर त्या पट्ट्याचा नाद सोडून दुसरी ओळ पाहा. रिकामी ठरलेली घरं कोरी ठेवू नयेत, त्यांत टिंब द्यावं. ‘रिकामं आहे हे ठाऊक आहे’ आणि ‘अजून ठाऊक नाही’ यांना एकच खूण असली की कोडं तिथेच फसतं.

आता थोडं नुसत्या संख्यांकडे. सोलापूरच्या सात रस्ता चौकात सिग्नलवर थांबलेल्या कुठल्याही एमएच १३ गाडीचे चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. समजा ३५२४. उतरत्या क्रमाने लावा: ५४३२. चढत्या क्रमाने: २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ६१७४ वर तेच करा: ७६४१ − १४६७ = ६१७४. अडकलो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना १९४९ मध्ये हे सापडलं, आणि कुठूनही निघालं तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ गाठता येतो. इथे हमखास होणारी चूक शून्याची. १००० − ०००१ = ९९९ आलं की लोक ते तीन अंकी समजून पुढे जातात. ते ०९९९ लिहायचं: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४.

सगळ्या चार अंकी संख्या एकेक करून न तपासता हे पटवता येतं का? येतं. उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ धरा. वजाबाकी मांडली की ती ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) एवढीच होते. म्हणजे चार अंक कुठले याला महत्त्वच नाही, फक्त दोन फरकांना आहे. पहिला फरक १ ते ९, आणि दुसरा शून्यापासून पहिल्या फरकाइतका. मोजलं तर २ + ३ + … + १० = ५४ जोड्या. हजारो संख्यांचा प्रश्न पहिल्याच वजाबाकीनंतर ५४ संख्यांवर आला, आणि ५४ संख्या एका दुपारी वहीत तपासून होतात. शिवाय ९९९ आणि ९० दोघांनाही ९ ने भाग जातो, म्हणून प्रत्येक वजाबाकीच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत यायलाच हवी. ३०८७ ची १८, ८३५२ ची १८. नाही आली तर वजाबाकी चुकली. हा ताळा अंकांची अदलाबदल मात्र पकडत नाही, ३०७८ लिहिलं तरी बेरीज १८ च येते.

संख्यामालिकांबद्दल मात्र माझं मत फारसं चांगलं नाही. १, २, ४, ८, १६ नंतर ३२ असं सगळे लिहितात. वर्तुळावर बिंदू घेऊन ते सगळे एकमेकांना जोडले आणि कुठल्याही तीन रेषा आत एकाच जागी छेदू दिल्या नाहीत, तर पडणारे भाग १, २, ४, ८, १६ असेच वाढतात, आणि सहा बिंदूंना ३१ होतात. दिलेल्या पाच संख्यांतून सहावी तर्काने बांधलेली नसते, रचणाऱ्याच्या मनातलं ओळखायचं असतं. परीक्षेपुरतं लागोपाठच्या संख्यांचे फरक काढा, मग फरकांचे फरक, आणि पुढे चला.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला तराजूचं जुनं कोडं. १२ नाणी, एक खोटं, ते जड की हलकं ठाऊक नाही. दोन पारड्यांचा तराजू, तीनदाच तोलायचं. हात लावण्याआधी मोजावं. १२ नाणी, प्रत्येक जड किंवा हलकं: २४ शक्यता. प्रत्येक तोलाचे निकाल तीन: डावं खाली, उजवं खाली, समतोल. तीन तोलांचे २७, दोनांचे ९, एकाचे ३. म्हणजे पहिल्या तोलानंतर कुठल्याही निकालात ९ पेक्षा जास्त शक्यता उरता कामा नयेत. पाच विरुद्ध पाच ठेवली आणि पारडं झुकलं तर १० उरतात: गेलं. तीन विरुद्ध तीन ठेवली आणि समतोल झालं तर बाहेरच्या सहांच्या १२ उरतात: तेही गेलं. चार विरुद्ध चार ठेवली तर काहीही झालं तरी ८. पहिली चाल एकही नाणं न उचलता ठरली.

नाण्यांना १ ते १२ क्रमांक द्या. डावीकडे १, २, ३, ४. उजवीकडे ५, ६, ७, ८. समतोल झालं तर खोटं ९ ते १२ मध्ये, आणि पहिली आठ खरी. मग ९, १०, ११ विरुद्ध १, २, ३ तोला. झुकलं तर खोटं जड की हलकं तेही कळलं. ९ आणि १० समोरासमोर ठेवून निकाल लागतो, समतोल असेल तर ११. दुसऱ्या तोलातही समतोल असेल तर खोटं १२ वं. ते खऱ्या नाण्याशी तोलून जड की हलकं ते बघायचं.

पहिल्या तोलात डावं पारडं खाली गेलं तर १ ते ४ पैकी एक जड, किंवा ५ ते ८ पैकी एक हलकं. आठ शक्यता, आणि त्या तिन्ही निकालांत अशा वाटायच्या की कुठेही तीनपेक्षा जास्त पडू नयेत. इथे बहुतेकांचं अडतं, कारण नाणी पारडं बदलू शकतात हे सुचत नाही. डावीकडे १, २, ५ ठेवा. उजवीकडे ३, ४, ६. आणि ७, ८ बाहेर. समतोल झालं तर ७ किंवा ८ हलकं, ते दोघं समोरासमोर. उजवं खाली गेलं तर ३ किंवा ४ जड, नाहीतर ५ हलकं. ३ आणि ४ समोरासमोर. डावं खाली गेलं तर १ किंवा २ जड, नाहीतर ६ हलकं. १ आणि २ समोरासमोर, झुकलं तर खाली जाणारं खोटं, समतोल राहिलं तर ६. पहिल्या तोलात उजवं पारडं खाली गेलं असेल, तर हीच मांडणी, फक्त जड आणि हलकं यांची अदलाबदल करून.